वापरलेलं चामडं

१

सकाळी नऊला पाच कमी असताना थेंबताई मिक्सिंगच्या खोलीचं कुलूप काढायची. बॅग खुंटीला, एप्रन अंगात, मग टेबल एकदा ओल्या फडक्यानं आणि एकदा कोरड्या. बाटल्यांची लेबलं समोर, काटा शून्यावर. मग ड्रॉपर हातात घेऊन ती ओठातल्या ओठात मोजायला लागायची. बावीस वर्षं हेच चाललं होतं. सेंटच्या कारखान्यात एक थेंब इकडचा तिकडे झाला की गुलाबाचं फिनेल व्हायला वेळ लागत नाही, आणि हिचा थेंब कधी इकडचा तिकडे झाला नव्हता. म्हणून थेंबताई. खरं नाव हजेरीपत्रकावर होतं, ते तिथंच राहिलं.

कामाला वाघ, पण बोलायला? अहो, गरीब गाय म्हणावं तर गाय निदान हंबरते तरी. हिच्या तोंडातून ब्र निघायचा नाही. कुणीही दारात आलं की ही स्टूल मागे सारून उठून उभी राहायची. मालकीणबाई आल्या तरी, पत्र टाकायला पोस्टमन आला तरी. स्टुलाचा एक पाय आखूड होता, तो फरशीवर खर्रकन वाजायचा. तिचे उस्ताद दरवेळी वैतागायचे. "बस गं! माणूस आलंय, भूकंप नाही आलेला."

तीन महिन्यांपूर्वी उस्ताद गेले. त्यांची खुर्ची वर मालकीणबाईंच्या ऑफिसात नेऊन ठेवली, आणि खोलीत थेंबताई एकटी उरली. मालकीणबाईंच्या जावईबापूंना ती एकटीसुद्धा नको होती. बाहेरून तयार सेंटचे ड्रम आणायचे, इथं नुसतं बाटलीत भरायचं, लेबल चिकटवायचं, मोकळं व्हायचं, असा त्यांचा बेत. मिक्सिंगच्या खोलीचं गोडाऊन, आणि थेंबताई लेबलांच्या टेबलावर.

मध्ये आडवी होती एकच गोष्ट. चामड्याचा सेंट. सतरा शहरांत दुकानं असलेली एक व्यापारीण शुक्रवारी येणार होती. तिला तिच्या दुकानांसाठी चामड्याच्या वासाचा सेंट हवा होता, आणि चाळीसेक ठिकाणचे वास घेऊन तिनं नाक मुरडलं होतं. मालकीणबाईंनी शब्द दिला होता. तिला आवडला तर खोली राहील, नाही तर जावईबापू म्हणतील तसं. आज मंगळवार होता.

२

उस्तादांच्या वहीत कृती होती. झाडाच्या सालीचं काळं तेल, डिंक, धूर, नावाला थोडी जाई. थेंबताईनं ती बरहुकूम मिसळली आणि कागदाची वासपट्टी बुडवून नाकाशी धरली. वास चामड्याचाच होता, पण नव्या बुटाच्या खोक्याचा. त्यात जीव नव्हता.

कृतीच्या खाली उस्तादांनी एक ओळ लिहिली होती: 'बरणीतलं, शेवटी, सात थेंब.' कुठली बरणी ते काही लिहिलं नव्हतं. तिनं सगळी कपाटं उपसली. खालच्या फळीवर, मोडक्या काट्याच्या मागे, एक छोटी झाकणाची बरणी सापडली. आत स्पिरिटमध्ये बुडवलेली चामड्याची मनगटपट्टी होती, बकलासकट.

तिच्या लगेच लक्षात आलं. सेंट मिसळणारे जुने कारागीर हात स्थिर राहावा म्हणून मनगटाला पट्टी बांधतात. उस्ताद शेवटपर्यंत बांधायचे. ती नवी होती तेव्हा तिचे हात लटलट कापायचे, म्हणून त्यांनी तिलाही एक करून दिली होती. अकरा वर्षांनी ती तुटली, त्यानंतर ती नुसताच हात टेबलाला टेकवून काम करायची. ही पट्टी उस्तादांचीच असणार. ते नेहमी म्हणायचे, "कोऱ्या चामड्याला वास असतो. वापरलेल्या चामड्याला स्वभाव असतो." बिचाऱ्यांनी स्वतःला बरणीत घालून ठेवलं, असं मनात येऊन तिचे डोळे भरून आले.

तिनं बरणीतले सात थेंब टाकले आणि नवी वासपट्टी हुंगली. तिचा हात आपोआप मागे आला. आता तो वास कशाचा तरी नव्हता, कुणाचा तरी होता.

नवा सेंट बाहेर पाठवायच्या आधी एकानं तो तीन दिवस अंगावर लावायचा आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ कसा वाटतो ते 'अंगवही'त लिहायचं, ही तिथली रीत. ज्यानं मिसळला त्यानं मात्र लावायचा नाही. त्याला आपण काय घातलं त्याचाच वास येतो, काय झालंय त्याचा येत नाही. आजवर उस्ताद लावायचे. आता कोण? जावईबापू म्हणाले, "मी? अंगाला चपलेचा वास? सोडा हो!" बाटल्या धुणाऱ्या मावशींचे हात दिवसभर सोड्याच्या पाण्यात, लेबलवाल्या बायकांचे डिंकात. उरलं कोण, तर ती स्वतः. बावीस वर्षांत तिनं एक नियम मोडला नव्हता. त्या दिवशी दाराकडे बघत तिनं डाव्या मनगटावर दोन थेंब घातले, आणि चोरी केल्यासारखी बाही खाली ओढली.

३

बुधवारी सकाळी अंगवहीत तिनं लिहिलं: 'रात्रभर टिकला. धूर कमी, ऊब जास्त.' लिहून झाल्यावर तिला अक्षर जरा मोठं वाटलं. तिचं अक्षर मुंगीएवढं असायचं. पेन नवं असेल, असं म्हणून तिनं वही मिटली.

आदल्या संध्याकाळी घरी एक गंमत झाली होती. ती भावाकडे राहायची. भाऊ जेवताना टीव्ही एवढा मोठा लावायचा की ताटातली भांडी थरथरायची. रोज ही मूग गिळून जेवायची. काल मात्र कुणीतरी म्हणालं, "दादा, आवाज कमी कर." भावानं मुकाट्यानं कमी केला. वहिनीचा हात घासासकट थांबला. मग थेंबताईच्या लक्षात आलं, ते आपणच म्हणालो.

ते आठवून तिला आत्ता हसू आलं. हसतच ती बाहेरच्या मोरीवर ड्रॉपर धुवायला गेली. नळ सोडला, ड्रॉपर धुतला, नळ बंद केला. आणि मागच्या खोलीतून, तिच्याच खोलीतून, काचेवर काच टेकल्याचा बारीक आवाज आला. मग थेंब. मग पुन्हा थेंब.

नळ गळतोय, ती स्वतःशी म्हणाली. पण नळ तिच्या समोर होता, चांगला आवळलेला. मग पाइपात पाणी असेल. जुनी इमारत, भिंतीतून नाना आवाज येतात. ती कान देऊन उभी राहिली. थेंबाबरोबर एक कुजबुज येत होती, दमलेली, एका लयीत. "सतरा… अठरा… एकोणीस…"

पाइप एकोणीसनंतर वीस म्हणत नाही. तिनं जाऊन दार ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. काटा शून्यावर, बाटल्यांची लेबलं समोर. नुसतं तिचं स्टूल टेबलाच्या पार जवळ ओढलेलं होतं. जाताना ते तिनं मागे सारलं होतं.

"उस्ताद?" ती हळूच म्हणाली. उत्तर आलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते न आल्याचं तिला बरंच वाटलं.

४

गुरुवारी अकराच्या सुमारास जावईबापू दोन माणसं आणि टेप घेऊन आले. गोडाऊनच्या फळ्यांचं माप घ्यायचं होतं.

"थेंबताई, जरा बाजूला व्हा हं. तुमचं चालू द्या, आमचं चालू द्या."

ती उठली नाही. हे तिच्या नंतर लक्षात आलं, त्यांच्या मात्र तेव्हाच आलं. त्यांची नजर स्टुलाकडे गेली, जणू त्याचा खर्र आवाज यायचा राहिला होता.

"टेप गुंडाळा," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"शुक्रवार उद्या आहे, जावईबापू. उद्या संध्याकाळी मापं घ्या नाही तर पेढी काढा. आज ही खोली माझी आहे. आणि आत येताना दार वाजवायचं असतं. इथं काट्यावर काम चालतं, वाऱ्यानं माप हलतं."

आवाज चढलेला नव्हता.  टेप सुर्रकन डबीत गेली, आणि जाताना जावईबापूंनी दार स्वतःच्या हातानं हळू ओढून घेतलं! एकाएकी थेंबताईनं बाही वर करून स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. हे आपण नव्हे. हे उस्ताद. बरणीतनं निघाले आणि मनगटावाटे आत शिरले. जोवर ते टीव्हीपुरतं होतं तोवर गंमत होती. पण सगळं तेच बोलायला लागले तर आपलं काय?

तिनं दुपारची नोंद करायला अंगवही उघडली. दुपारची नोंद आधीच केलेली होती.

पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात: 'वास चांगला आहे. मी आता कुठे बसू?'

अक्षर तिचं होतं. त्यात शंकाच नव्हती. ते तसं अक्षर तिनं बावीस वर्षं काढलं होतं आणि गेले दोन दिवस तिला ते काढता येत नव्हतं. तंद्रीत लिहिलं असेल, ती म्हणाली. कामाचा ताण आहे, झोप नाही, माणूस काहीही लिहितो. मग तिनं मोरीवर जाऊन मनगट साबणानं घासघासून धुतलं, लाल होईपर्यंत. वास तसूभरही हलला नाही. आणि मागे, बंद दारापलीकडे, कुणीतरी सावकाश मोजत होतं.

५

संध्याकाळचे पाच वाजले. माणसं डबे आवरत होती, खिडकीतून अजून ऊन येत होतं. तिनं बरणीतली पट्टी चिमट्यानं काढली, फडक्यात गुंडाळली आणि बाटल्या धुणाऱ्या मावशींसमोर ठेवली. मावशी कारखान्यातल्या सगळ्यांत जुन्या. उस्तादांच्याही आधीच्या.

"मावशी, हसू नका. मला उस्ताद लागलेत."

"लागलेत म्हणजे? काय खरूज आहे का ती?"

तिनं सगळं सांगितलं. बरणी, सात थेंब, टीव्ही, टेप. मोजण्याचं आणि वहीचं सांगितलं नाही, जीभच वळली नाही. मावशींनी हात पदराला पुसले, पट्टी उचलली, उजेडात उलटीपालटी केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"अगं बये, ही उस्तादांची कुठली? त्यांचं मनगट बघितलंस ना? माझ्या पोटरीएवढं. ही त्यांच्या अंगठ्याला तरी आली असती का? बांध बघू."

थेंबताईनं पट्टी डाव्या मनगटाला गुंडाळली. तुटलेली जागा बारीक दोऱ्यानं शिवलेली होती. बकलाची पिन आपसूक तिसऱ्या भोकात गेली. ते भोक ताणून लांबट झालेलं होतं, आणि पट्टीच्या आत तिच्या मनगटाच्या हाडाचा खळगा जिथल्या तिथे होता.

"तुझी आहे," मावशी म्हणाल्या. "तुटली त्या दिवशी तू टाकून द्यायला निघाली होतीस. उस्तादांनी मागून घेतली. मला म्हणाले, मावशी, या पोरीनं अकरा वर्षं हात कापू दिला नाही की तोंड उघडलं नाही, पण राग कुठं जाईल? सगळा या पट्टीत आवळून ठेवलाय. एक दिवस लागेल तिला."

थेंबताई पट्टीकडे बघत राहिली. म्हणजे टीव्हीचा आवाज कमी करायला लावणारी ती होती. टेप गुंडाळायला लावणारी ती होती. कुणी लागलं नव्हतं, कुणी शिरलं नव्हतं! तिला एवढा आनंद झाला की तिनं मावशींना ओल्या हातांसकट मिठी मारली. बावीस वर्षांत ती एवढ्या मोठ्यानं हसली नव्हती, मावशीही हसल्या, आणि मग हसता हसता मावशींनी मान वळवून मिक्सिंगच्या खोलीकडे कान दिला.

"आणि मग आत कोण मोजतंय गं?"

६

शुक्रवारी चार वाजता व्यापारीण आली. उंच, पांढऱ्या केसांची, बोलायला कमी. पॅकिंगच्या हॉलमध्ये मोठं टेबल मांडलं होतं. मालकीणबाई गुडघे सांभाळत खाली आल्या. लेबलवाल्या बायका कामात असल्याचं सोंग करत होत्या. जावईबापूंनी नवा सूट घातला होता आणि वासपट्ट्या पंख्यासारख्या धरल्या होत्या.

"आमच्या टीमनं खास आपल्यासाठी," त्यांनी सुरुवात केली.

व्यापारिणीनं पट्टी हुंगली. एकदा, मग दुसऱ्यांदा. "बरा आहे," ती म्हणाली आणि पट्टी खाली ठेवली. त्या 'बरा'चा अर्थ हॉलमधल्या सगळ्यांना कळला. जावईबापूंना तर फारच लवकर कळला. त्यांनी मालकीणबाईंकडे बघून असे खांदे उडवले, जणू 'मी सांगत होतोच.'

थेंबताई मिक्सिंगच्या खोलीच्या दाराशी उभी होती. सकाळपासून तिनं त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. पाठीमागे, लाकडापलीकडे, कुजबुज चालू होती, आज जरा घाईघाईनं.  पळून जावंसं वाटत होतं, आणि पळायला दोनच वाटा होत्या, मागे नाही तर पुढे. ती पुढे गेली.

"कागदावर नको," ती म्हणाली. "माणसावर घ्या." तिनं बाही वर केली, कालपासून बांधलेली पट्टी मागे सारली आणि मनगट पुढे धरलं.

"अहो थेंबताई, मध्येच काय—"

"जावईबापू, बाईंना खुर्ची द्या. केव्हाच्या उभ्या आहेत."

जावईबापूंनी खुर्ची दिली. व्यापारीण मात्र बसली नाही. तिनं थेंबताईचा हात दोन्ही हातांत घेतला, मान खाली केली, आणि बराच वेळ तशीच राहिली. हॉलमध्ये लेबल सोलल्याचासुद्धा आवाज नव्हता. मान वर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा तो कंटाळा कुठल्या कुठे गेला होता.

"हा कुणाचा वास आहे?"

"माझा," थेंबताई म्हणाली.

"तुम्ही मिसळलात?"

"मी मिसळला, मी लावला, आणि नियम मोडून लावला. तीन दिवस साबणालाही दाद दिली नाही त्यानं. अंगवही आहे, बघायची तर बघा."

"वही कशाला? हातच्या कांकणाला आरसा नको," व्यापारीण म्हणाली आणि मालकीणबाईंकडे वळली. "सतरा दुकानांत हाच. पण अट आहे. याच खोलीत व्हायला हवा, याच हातानं. दुसऱ्या कुणी केला तर मला लगेच कळेल, आणि मी नाही म्हणेन."

मालकीणबाईंनी जावयाकडे पाहिलं. "जावईबापू, तुमचे ड्रम राहू देत. आणि वरून उस्तादांची खुर्ची खाली आणा. नाही, माणूस कशाला पाठवताय? तुम्हीच आणा."

मावशींनी पहिली टाळी वाजवली, ओल्या हातांनी, फाटकन. मग लेबलांच्या टेबलावरची एकेक बाई उठून उभी राहिली. बावीस वर्षं थेंबताई सगळ्यांसाठी उभी राहिली होती, आज सगळा हॉल तिच्यासाठी उभा होता. तिची मान खाली गेली नाही. काय दिवस होता तो!

७

खुर्ची दारापर्यंत आली. जावईबापू घामाघूम होऊन ती टेकवून गेले. बाकीचे व्यापारिणीला पोचवायला फाटकाकडे वळले. थेंबताईनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि दाराच्या धुरकट काचेतून आत पाहिलं.

खिडकीतून तिरपं ऊन टेबलावर आलं होतं. स्टुलावर कुणीतरी बसलं होतं. एप्रन घातलेली वाकलेली पाठ, खांदे आत ओढलेले, मान एवढी खाली की दिसतच नव्हती. हातात ड्रॉपर होता आणि हात लटलट कापत होता. त्या मनगटावर पट्टी नव्हती.

ती पाठ तिनं आधी कधी पाहिली नव्हती. आपली पाठ आपल्याला कुठं दिसते? पण पाठीवरच्या तिसऱ्या गुंडीपाशी एप्रनला मारलेलं ठिगळ तिच्याच हातचं होतं.

भीती वाटली का? वाटली.  दार कायमचं बंद करावं आणि खोली जावईबापूंच्या गोडाऊनला देऊन टाकावी, असंही क्षणभर मनात आलं. मग तिला वहीतली ती मुंगीएवढी ओळ आठवली. इतकी वर्षं एकही थेंब न चुकवलेल्या बाईनं जागा विचारली होती, आणि तीसुद्धा पेन्सिलीनं, कुणाला पुसायची झाली तर पुसता यावी म्हणून.

तिनं पट्टी मनगटावर घट्ट केली, खुर्ची पुढे ढकलली आणि दार उघडलं.

आत स्टूल खर्रकन मागे सरकलं. खोलीत आता डोळ्यांना कुणीच दिसत नव्हतं, फक्त ऊन आणि टेबल. पण कुणीतरी उठून उभं राहिलं होतं, खाली मान घालून, तिच्यासाठी.

"बस गं," थेंबताई म्हणाली. "माणूस आलंय, भूकंप नाही आलेला."

 मग स्टूल हळूच पुढे आलं. तिनं खुर्ची उस्तादांच्या जुन्या जागी लावली, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, आणि स्टूल जिथं होतं तिथंच राहू दिलं. बसली. काटा समोर घेतला. स्टुलावरून कुजबुज सुरू झाली, घाबरत, चाचपडत. सतरा. अठरा. मग ती अडखळली.

"एकोणीस," थेंबताई खणखणीत आवाजात म्हणाली, आणि थेंब बरोबर पडला.